उलटं मोल

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. माझी पणजी देवळाच्या चाकरीत होती, शेंस लावून, म्हणजे लग्नासारखा विधी करून देवाला वाहिलेली. गावानं तिला आणि तिच्या लेकींना कोणत्या शब्दानं हाक मारली ते तुम्हांला ठाऊक असेल, मला कागदावर लिहवत नाही. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबानं मराठी बायबल वाचायला दिलं. त्यातल्या यहेज्केल या संदेष्ट्याचा सोळावा अध्याय वाचला आणि पुस्तक मिटून ठेवलं. टाकून दिलेली मुलगी देव उचलतो, वाढवतो, तिच्याशी लग्न लावतो, अंगभर दागिने घालतो. पुढं ती 'वेश्या' झाली म्हणून तिच्याच यारांसमोर तिला नागवी करतो आणि दगडांनी मारवतो. हा देव म्हणायचा की संशयी नवरा? आणि तो शब्द नेहमी बाईच्याच वाट्याला का?
— एक वाचक, फोंडा तालुका

उत्तर : नवऱ्याकडे नंतर वळू. आधी बायको कोण ते बघा. अध्यायाच्या दुसऱ्याच वचनात ते सांगून टाकलेलं आहे : यरुशलेमला तिची अमंगळ कृत्यं कळव. गोष्ट राजधानीची आहे.

पण सांगणारा ती अशी सांगतो की राजधानी विसरायला होते. बाप अमोरी, आई हित्ती. जन्मली त्या दिवशी नाळ कापली नाही, पाण्यानं धुतलं नाही, मीठ चोळलं नाही, बाळोत्यात गुंडाळलं नाही. उघड्या रानात फेकून दिली. वाटेनं जाणारा एक जण तिला रक्तात तडफडताना पाहतो आणि म्हणतो, 'आपल्या रक्तात पडलेली तू, जग.' यहुदी घरांत वल्हांडणाच्या (मिसरमधल्या गुलामीतून सुटकेच्या सणाच्या) रात्री आणि मुलाच्या सुंतेच्या वेळी हे वचन आजही म्हणतात. त्या आई-बापांच्या उल्लेखातही एक चपराक आहे. आपण अब्राहामाच्या कुळातले, असं मिरवणाऱ्यांना यहेज्केल सांगतोय की तुमच्या नगरीचं मूळ कनानी, ज्यांना तुम्ही हलके समजता त्यांच्यातलं. कुळाचा ताठा म्हणजे काय ते आपल्याला गोव्यात कुणी शिकवायला नको.

आता हे ऐकत कोण होतं? इ. स. पूर्व ५९७ मध्ये बाबेलच्या (बॅबिलोनच्या) नबुखद्नेस्सरानं यरुशलेमचा तरुण राजा यहोयाखीन याला कैद करून नेलं. सोबत दरबारी, लढवय्ये, कारागीर, लोहार नेले. गोरगरीब मागं ठेवले. नेलेल्यांत यहेज्केल हा याजकाचा, म्हणजे पुरोहिताचा, मुलगा होता. खबार नावाच्या कालव्याकाठी तेल-अबीब इथं त्याला बसवलं आणि पाचव्या वर्षी, म्हणजे ५९३ च्या सुमारास, तो बोलू लागला. त्याच्या ग्रंथात पुनःपुन्हा येतं की वडीलजन त्याच्या घरी येऊन समोर बसत. म्हणजे श्रोते पुरुष, आणि तेही काल-परवापर्यंत मसलती करणारे, आज परक्या मुलखात रेशनवर जगणारे. (यहोयाखीन राजाला मिळणाऱ्या तेलाच्या शिध्याची नोंद बाबेलच्या मातीच्या पाट्यांवर सापडली आहे.) अशा लोकांना समोर बसवून तो सांगतो, ती बाई म्हणजे तुमची नगरी. आणि नगरी म्हणजे तुम्ही.

तेहतिसावं-चौतिसावं वचन पुन्हा उघडा, कारण गोष्टीची किल्ली तिथं आहे. तो म्हणतो, इतर वेश्यांना मोल मिळतं, तुझं सगळं उलटं, तूच आपल्या यारांना मोल देतेस. हे ऐकताना बसलेल्यांपैकी जाणत्यांच्या माना नक्की खाली गेल्या असतील, कारण ही नुसती शिवी नव्हती, त्यांच्या खजिन्याची वही होती. त्या लोकांची तेव्हा दोन राज्यं होती, उत्तरेला इस्राएल (राजधानी शोमरोन) आणि दक्षिणेला यहूदा (राजधानी यरुशलेम). उत्तरेच्या राज्याचा राजा मनहेम यानं अश्शूरच्या राजाला एक हजार किक्कार (हे मोठं वजन) चांदी दिली आणि ती प्रत्येक धनवानाकडून पन्नास-पन्नास शेकेल (हे लहान वजन) वसूल केली. दक्षिणेच्या आहाजानं मंदिरातलं आणि राजवाड्यातलं सोनं-रुपं काढून तिग्लथ-पिलेसरला पाठवलं, वर निरोप दिला की मी तुमचा दास आणि तुमचा पुत्र. हिज्कीयासारख्या नावाजलेल्या राजानंही ३०० किक्कार चांदी आणि ३० किक्कार सोनं भरलं. ते भरताना मंदिराच्या दारांवर मढवलेला पत्रा खरवडून काढावा लागला. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये अश्शूरच्या शल्मनेसर तिसऱ्याचा काळ्या दगडाचा स्तंभ आहे. त्यावर इस्राएलच्या येहू राजाच्या नावाखाली एक माणूस जमिनीला नाक लावून नजराणा देताना कोरलेला आहे.

यार म्हणजे हे. अश्शूरी, मिसरी (इजिप्तचे), खास्दी (बाबेलचे). मूर्तिपूजा आहेच, टेकड्यांवरची ठाणी आहेत, पोटची पोरं बळी दिल्याचा आरोपही आहे. पण तेविसाव्या अध्यायात दोन बहिणींची तशीच गोष्ट येते. थोरली अहला म्हणजे शोमरोन, धाकटी अहलीबा म्हणजे यरुशलेम. तिथं तर यारांची वर्णनं सरळ लष्करी आहेत : निळ्या पोशाखातले सुभेदार, देखणे घोडेस्वार. धाकटी तर भिंतीवर हिंगुळानं रंगवलेली खास्दी सरदारांची चित्रं पाहूनच भाळते आणि जासूद पाठवते. वकिलाती अशाच सुरू होतात.

आणि राजकारणाला प्रेमाची भाषा यहेज्केलानं लावली असंही नाही. इ. स. पूर्व ६७२ मध्ये अश्शूरच्या एसरहद्दोन राजानं मांडलिकांकडून शपथ घेतली, तिच्यात कलम होतं की माझ्या मुलावर, अशुरबनिपालवर, स्वतःइतकं प्रेम करा. नाही केलंत तर, म्हणून पुढं लांबलचक शाप. प्रेम हा तहातला शब्द होता आणि मोडलेला तह म्हणजे बदफैली. ज्या देशात असे करार लिहिले जात त्या देशात देवाशी झालेल्या कराराबद्दल बोलायला संदेष्ट्याला लग्नापेक्षा जवळचं काही सापडलं नसणार.

मग शिक्षा. आकाशातून वीज पडत नाही. देव म्हणतो, तुझे सगळे यार मी तुझ्याभोवती गोळा करीन. जे घडलं ते अक्षरशः असंच. आहाजानं सोनं देऊन बोलावलेला अश्शूर पुढच्या पिढीत यहूदाच्या तटबंद्या पाडत आला. शोमरोन तर त्याआधीच, ७२२ मध्ये, गेलं होतं. शेवटचा राजा सिद्कीया बाबेलची शपथ घेऊन गादीवर बसला, ती मोडून मिसरकडे वळला. मिसरची फौज आली, वेढा जरा ढिला झाला, फौज परतली. ५८७-५८६ मध्ये नगरी पडली, मंदिर जळलं. सिद्कीयाच्या मुलांना त्याच्या डोळ्यांदेखत मारलं आणि मग त्याचे डोळे काढले. यहेज्केलाचं म्हणणं असं की या नगरीला बाहेरच्या शत्रूनं मारलंच नाही. जिथं तिनं आपला जीव गहाण टाकला होता ती सावकारी फिरली, आणि त्या फिरण्यालाच तो देवाचा न्याय म्हणतो. हे पटो न पटो, पण संशयी नवऱ्याच्या लहरीपेक्षा ही वेगळी गोष्ट आहे.

इथवर मी यहेज्केलाची वकिली केली. आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि इथं मी त्याच्या बाजूला उभी राहणार नाही.

त्यांच्या नियमशास्त्रात व्यभिचाराची शिक्षा दोघांना होती, पुरुषालाही आणि बाईलाही. या अध्यायात काय होतं? जे यार होते तेच मारेकरी नेमले जातात. बाईची वस्त्रं उतरतात, यारांचं काहीही उतरत नाही. पुढच्या अध्यायांत मिसर, सोर, अम्मोन, मवाब, सगळ्यांच्या नावानं न्यायाची वचनं आहेत. ज्यानं प्रत्यक्ष नगरी जाळली त्या बाबेलच्या नावाचं एकही स्वतंत्र वचन यहेज्केलात नाही. दुसरं, दागिने. ती मूर्ती घडवते तेव्हा देव म्हणतो, 'माझं सोनं, माझं रुपं.' आपण गोव्यातले. १८७० पासून लागू असलेल्या पोर्तुगीज नागरी कायद्यानं आपल्याकडे सिव्हिल रजिस्ट्रारसमोर सह्या झाल्या आणि वेगळा करार केला नसला, की नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते, अर्धी तिची. आपल्याकडची सून 'माझं सोनं' हे नवऱ्याचं वाक्य ऐकून घेणार नाही. त्या काळच्या घरात मात्र सगळं त्याचंच होतं, तिला घातलेली नथसुद्धा. हे रूपक त्या घरातून उचललेलं आहे, आणि उचलताना त्या घरातला धाकही सोबत आला आहे.

'अहो, ते रूपक आहे' एवढं म्हणून भागत नाही. राजांना लाजवायला बाईचं नागवं शरीर वापरलं, तर राजे लाजून घरी जातात आणि चित्र बाईचंच उरतं. १९८० नंतरच्या काही वर्षांत अनेक अभ्यासक स्त्रियांनी नेमकं यावर बोट ठेवलं : मारणाऱ्या नवऱ्याला इथं देवाचं तोंड मिळतं. ही अस्वस्थता आजकालची आहे असंही समजू नका. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी नियमसंग्रहात रब्बी (धर्मगुरू) एलियेजर यांचं मत नोंदलेलं आहे की हा अध्याय सभास्थानात वाचूच नये. मिश्नावरच्या चर्चांचा ग्रंथ म्हणजे तालमुद, त्यात तर किस्सा आहे की त्यांच्यासमोर कुणी तो वाचू लागला तेव्हा ते कडाडले, यरुशलेमची अमंगळ कृत्यं शोधण्याआधी जा, तुझ्या आईची शोध. (तिथंही आईच, बापाची नव्हे. असो.)

मी मराठी शिकवलं त्या शाळेत स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी एक सिस्टर बसत. त्यांनी मला एकदा बजावलं होतं, 'सोळावा अध्याय उघडलात तर शेवटपर्यंत वाचा बाई, नाहीतर उघडू नका.' तुम्ही मिटून ठेवलंत त्याच्या पुढं दोन जागा आहेत. एकोणपन्नासाव्या वचनात यहेज्केल सदोम नगरीचं पाप सांगतो. सदोम म्हटलं की लोकांच्या मनात भलतंच, शरीरसंबंधाचं पाप येतं. तो म्हणतो : गर्व, पोटभर अन्न, निवांत ऐषाराम, आणि गरिबाला हात दिला नाही. संपलं. आणि शेवटी, साठाव्या वचनापासून, देव आपला तरुणपणचा करार आठवतो आणि कायमचा करार करतो, शोमरोन आणि सदोम या बदनाम बहिणींनाही लेकी म्हणून तिच्या पदरात घालतो. क्षमा आहे, पण तिला लाजेनं तोंड उघडता येऊ नये अशी क्षमा आहे. मला ती पूर्ण गोड लागत नाही. सिस्टरना लागायची.

तुमच्या पणजीला गावानं जो शब्द दिला तो देणाऱ्यांत भाटकार (जमीनदार) होते, देवळाचे महाजन होते, आणि त्यांतल्या काहींना तिच्या घराचं दार चांगलं ओळखीचं होतं. यहेज्केल तोच शब्द घेऊन राजवाड्यावर आणि मंदिराच्या कारभाऱ्यांवर फेकतो. या एका बाबतीत तुम्ही आणि तो एका बाजूला आहात.

प्रश्न : हा यहेज्केल स्वतः संसारी होता का? होशे संदेष्ट्यानं तर म्हणे वेश्येशी लग्न केलं होतं. खरं की गोष्ट?
— एक वाचक, वास्को

उत्तर : यहेज्केल विवाहित होता. चोविसावा अध्याय वाचा. देव त्याला सांगतो, तुझ्या डोळ्यांना प्रिय असलेली मी एका झटक्यात काढून घेणार आहे, पण तू रडायचं नाहीस, पागोटं बांध, वहाणा घाल. सकाळी तो लोकांशी बोलला, संध्याकाळी बायको गेली, दुसऱ्या दिवशी सांगितल्याप्रमाणे वागला. लोकांनी विचारलं, हे काय? तर म्हणाला, तुमचं मंदिर जाईल तेव्हा तुमचंही असंच होईल, रडायलाही उसंत मिळणार नाही. आधीच्या उत्तरात मी त्याच्यावर बरीच टीका केली आहे, पण देवाची बायको म्हणून नगरीवर इतकं जहाल बोलणाऱ्या माणसानं बायकोचा शोकही देवाच्या हवाली केला, हेही त्याच्या खात्यावर मांडायला हवं.

होशे त्याच्या दीडशे वर्षं आधीचा, उत्तरेच्या राज्यातला. गोमर ही दिब्लाईमची मुलगी, त्याची बायको. मुलांची नावं ऐका : इज्रेल, लो-रुहामा म्हणजे जिच्यावर दया नाही ती, लो-अम्मी म्हणजे माझे लोक नव्हेत. पोरांना हाका मारल्या की सगळ्या आळीला शिक्षा ऐकू जायची. तिसऱ्या अध्यायात तो एका व्यभिचारी बाईला १५ शेकेल रुपं आणि दीड होमर (धान्याचं माप) जव देऊन परत आणतो. ती गोमरच की दुसरी, आणि हे घडलं की दृष्टान्त, यावर विद्वान पूर्वीपासून भांडत आले आहेत. मला ते घडलेलं वाटतं, आणि कारण फक्त तो हिशेब. रचलेल्या कथेत रोकड कमी पडली म्हणून धान्य घालून रक्कम पुरी करायचं कुणाला सुचत नाही.

प्रश्न : मी भजनी आहे. आमच्याकडे गवळणी, विराण्या गातात. त्यांत बाई नवरा सोडून देवाकडे पळते आणि आम्ही टाळ वाजवतो. तिकडे देवाला सोडून गेली म्हणून दगड. दोन्ही भक्तीच ना?
— एक वाचक, साखळी

उत्तर : छान पकडलंत. नुसता फरक नाही, सगळं चित्र उलटं आहे.

तुकोबांच्या विराण्यांत बोलणारी बाई उघड सांगते की घरच्या नवऱ्यानं माझं भागलं नाही, मी परपुरुषाशी लागले, लोक खुशाल शिंदळी म्हणोत. परपुरुष म्हणजे विठ्ठल, घरचा नवरा म्हणजे संसार. जनाबाईंच्या नावावरच्या त्या प्रसिद्ध अभंगात तर डोईचा पदर खांद्यावर येतो, भरल्या बाजारातून ती निघते आणि म्हणते, देवा, मी येसवा झाले. यहेज्केल ज्या शब्दानं ठार मारतो तोच शब्द जनी कपाळाला लावते.

कारण देव कुठं बसलाय यात आहे. हिब्रू संदेष्ट्यांच्या गोष्टीत देव घरधनी आहे. सीनायच्या डोंगरावर सगळ्या लोकांदेखत करार झाला, त्यात शेतातल्या बांधापासून तराजूपर्यंत नियम आले. तो मोडला तर न्याय नवराच करणार. संतांच्या गोष्टीत मात्र घर, जात, अब्रू, सासर हे सगळं मिळून नवरा. देव घराबाहेरचा, कायद्याबाहेरचा. त्यामुळे विराणीत न्याय करायला बसतात ते शेजारीपाजारी, आणि देवाकडून होणारी शिक्षा एकच, तो भेटत नाही. मोलकरणीचं जिणं नशिबी आलेल्या जनीला घरधनी देव कशाला हवा होता? घरधन्यांची भांडी ती रोज घासतच होती.

दोन्हीकडे अपवाद आहेत हेही सांगते, नाहीतर कीर्तनकार मंडळी मला पत्रं धाडतील. तुकोबांनीच दुसरीकडे पतिव्रतेला भ्रतार तसा आम्हांला नारायण असंही म्हटलं आहे. आणि होशेच्या दुसऱ्या अध्यायात देवाचं घरधनीपण मध्येच गळून पडतं. आधी तो धमक्या देतो : वाटेवर काटे लावीन, धान्य-द्राक्षारस काढून घेईन. तिला वाटत होतं की अन्न, लोकर, तेल हे सगळं यारांनी दिलं. हा यार म्हणजे पावसाचा देव बआल. १९२९ पासून सीरियाच्या किनाऱ्यावर रास शामरा इथं झालेल्या उत्खननात बआलाच्या मूळ कथा मिळाल्या, तेव्हा कळलं की शेतकऱ्याला तो किती जवळचा वाटत असेल. मृगाच्या सरी लांबल्या की आपल्याकडची माणसं काय काय करतात ते आठवा. तर इतकं बोलून झाल्यावर देव एकदम म्हणतो, मी तिला मोह घालून रानात नेईन आणि तिच्या मनाशी बोलेन. घर नाही, दागिने नाहीत, यमुनेकाठच्यासारखं रान. ही ओळ तुम्ही भजनात घातलीत तर साखळीच्या देवळात कुणाला खटकणार नाही.

प्रश्न : हे सगळं वाचायचं तर सुरुवात कुठून करू? बायबल जाड आहे.
— एक विद्यार्थिनी, पेडणे

उत्तर : जाडीला घाबरू नकोस, तुला तीसेक पानं पुरेत. आधी होशे, पहिले तीन अध्याय. मग यशयाचा पाचवा, त्यात बायको नाही, द्राक्षमळा आहे : मालकानं दगड वेचले, उत्तम वेल लावले, बुरूज बांधला आणि शेवटी रानटी द्राक्षं आली. ते प्रेमगीत म्हणून सुरू होतं आणि फिर्याद म्हणून संपतं. मग यिर्मया, दुसरा आणि तिसरा. तिथं सूर दुखावलेल्या माणसाचा आहे, जिवंत झरा सोडून फुटक्या टाक्या खोदल्यात असं तो म्हणतो. यहेज्केलाचे सोळा आणि तेवीस सर्वांत शेवटी, आणि एकटीनं रात्री वाचू नकोस, कुणाशी तरी बोलत वाच. त्याच ग्रंथात तेहतिसाव्या अध्यायाच्या शेवटी देव त्याला सांगतो की लोक तुला गोड गळ्याचा प्रेमगीतं गाणारा समजतात, ऐकतात आणि करत काही नाहीत. ते वाचल्यावर त्याचा आवाज इतका का चढतो याचा थोडा अंदाज येईल.

भाषांतर बायबल सोसायटीचं सहज मिळतं, तेच घे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं भाषांतर एखाद्या जुन्या ग्रंथालयात दिसलं तर हे अध्याय त्यातही ताडून बघ. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये टाकलेल्या, विधवा झालेल्या मुलींना सांभाळत त्यांनी ते पुरं केलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, त्यानंतर ते छापून आलं. रानात फेकलेल्या पोरीची गोष्ट मराठीत आणणाऱ्या बाईच्या अंगणात तशा पोरी शेकड्यांनी होत्या. सोळाव्या अध्यायावर रमाबाईंचं स्वतःचं काही टिपण कुणा वाचकाच्या पाहण्यात असेल तर या सदराच्या पत्त्यावर जरूर कळवा, मला ते वाचायचं आहे.